तिबेटी माणूस, विरळ हवा आणि जनुकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेह-लडाखचे बेत आखणारे, ट्रेकर, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी आणि जीवशास्त्राचे शिक्षक यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट शक्यतो दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. उंचावर ऑक्सिजन कमी असतो, म्हणजे नक्की किती कमी?

हवेतला ऑक्सिजनचा वाटा मुंबईत जेवढा, तेवढाच ल्हासात: २०.९ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब.

हिशेब सोपा आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा. श्वास आत गेला की हवा दमट होते, त्या वाफेचा ४७ मिलिमीटर दाब वजा करायचा. उरलेल्या ७१३ चे २०.९ टक्के म्हणजे सुमारे १४९. आता ४,००० मीटर घ्या. तिथे दाब ४६२ च्या आसपास. त्यातून तेच ४७ वजा केले की ऑक्सिजनच्या वाट्याला जेमतेम ८७ येतात. वाफेचा दाब शरीराच्या तापमानावर ठरतो, उंचीवर नाही. म्हणून बाहेरचा दाब ज्या प्रमाणात घटतो त्याहून फुप्फुसात पोचणारा ऑक्सिजन थोडा जास्तच घटतो.

ल्हासा ३,६५० मीटरवर आहे, लेह सुमारे ३,५०० वर. तिबेटी पठारावर याक पाळणाऱ्यांच्या वस्त्या ४,५०० च्याही वर आहेत.

२. तिबेटी लोकांच्या रक्तात हिमोग्लोबिन जास्त असतं, म्हणून त्यांना त्रास होत नाही ना?

नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हा गैरसमज पहिल्या क्रमांकाचा, आणि काही गाइडबुकांतही तो दिसतो. खरी गोष्ट बरोबर उलटी आहे.

सखल भागातला माणूस उंचावर काही आठवडे राहिला की त्याचं हिमोग्लोबिन वाढतं. तिबेटी माणसाचं फारसं वाढत नाही. सुमारे ४,००० मीटरवर राहणाऱ्या तिबेटी आणि बोलिव्हियातल्या आयमारा लोकांची तुलना १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिबेटी पुरुषांचं सरासरी हिमोग्लोबिन १५.६ ग्रॅम प्रति डेसिलिटर निघालं, आयमारा पुरुषांचं १९.२. बायकांमध्ये हेच आकडे १४.२ आणि १७.८. म्हणजे तिबेटी पुरुषाचा रिपोर्ट पुण्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये दाखवला तर तो तिथल्याच कुणा धडधाकट माणसाचा वाटेल.

३. लेहमध्ये माझ्या बोटावरचं ऑक्सिमीटर ८८ दाखवत होतं आणि ड्रायव्हरचं ९०. मग त्याच्यात वेगळं काय?

ऑक्सिमीटर फक्त एवढंच सांगतं की रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलेलं आहे. वर उल्लेख केलेल्या तिबेटी गटातही हा आकडा सरासरी ८९ च्या आसपास होता, आयमारांचा उलट ९२. तेव्हा तिबेटी शरीराची हुशारी या एका आकड्यात शोधू नका. फरक पुढच्या टप्प्यांवर आहे.

श्वास: विश्रांतीतही तिबेटी माणूस आयमारा माणसापेक्षा सुमारे दीडपट हवा आतबाहेर करतो.

रक्तवाहिन्या: नायट्रिक ऑक्साइड हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो. ४,२०० मीटरवरच्या तिबेटींच्या रक्तात त्यापासून तयार होणारे पदार्थ समुद्रसपाटीच्या लोकांपेक्षा दहापटीहून जास्त आढळले, आणि दंडाखालच्या हातातून वाहणारं रक्त दुपटीहून अधिक. एकेका थेंबात ऑक्सिजन कमी, पण थेंब जास्त.

रक्ताचा पातळपणा: शेर्पांमध्ये रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, जास्त असतो. त्यामुळे शरीरातलं एकूण हिमोग्लोबिन बेताचं नसूनही दर डेसिलिटरमागे ते कमी दिसतं. रिपोर्ट वाचताना हा बारकावा हमखास निसटतो.

स्नायू: शेर्पांच्या स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट असतं. २०१३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत त्यांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे तपासले गेले. त्यांचे स्नायू चरबी कमी जाळतात आणि मिळेल त्या ऑक्सिजनमधून जास्त ऊर्जा काढतात, असं त्यात दिसलं. साखर जाळताना तेवढ्याच ऊर्जेला चरबीपेक्षा कमी ऑक्सिजन लागतो, हे त्यामागचं रसायन.

४. पण हिमोग्लोबिन वाढणं चांगलंच ना? ते वाढू न देण्यात कसला फायदा?

थोड्या दिवसांसाठी वाढलं तर चालतं, जन्मभरासाठी महागात पडतं.

हिमोग्लोबिन वाढतं म्हणजे तांबड्या पेशी वाढतात आणि रक्त दाटतं. दाट रक्त ढकलायला हृदयाला जोर लागतो आणि बारीक वाहिन्यांत ते अडखळतं, म्हणजे ऑक्सिजन वाढवायला केलेली सोय ऑक्सिजन पोचवण्याच्याच आड येते. पुरुषांत २१ ग्रॅम आणि बायकांत १९ ग्रॅमच्या वर हिमोग्लोबिन गेलं आणि सोबत डोकेदुखी, झोपमोड, धाप, ओठ-नखं निळसर, कानात गुणगुण अशी लक्षणं असली, तर त्याला दीर्घकालीन पर्वतीय आजार म्हणतात. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२५ मध्ये याचं पहिलं वर्णन केलं म्हणून मोंगेचा आजार असंही नाव आहे. खात्रीचा उपाय एकच: खाली उतरणं. ज्याचं घर, शेत, गुरं वरच आहेत त्याला हे सांगणं सोपं नाही.

दुसरा भाग गरोदरपणाचा, आणि उत्क्रांतीच्या दृष्टीने तोच खरा कळीचा. सखल भागातून उंचावर आलेल्या बायकांची बाळं सरासरीने कमी वजनाची जन्मतात, कारण वारेकडे जाणारं रक्त अपुरं पडतं. तिबेटी बायकांमध्ये गर्भाशयाकडचा रक्तपुरवठा उंचावरही टिकून राहतो आणि बाळाचं वजन कमी घटतं. नेपाळमधल्या, ३,५०० मीटर आणि त्याहून उंचावर राहणाऱ्या तिबेटी वंशाच्या ४१७ बायकांचा अभ्यास २०२४ मध्ये आला. ज्यांचं हिमोग्लोबिन फार कमी नाही, फार जास्त नाही आणि ते ऑक्सिजनने नीट भरलेलं आहे, त्यांना जिवंत जन्मलेली मुलं जास्त होती. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच. तिला कोण शिखरावर आधी पोचतं याच्याशी देणंघेणं नाही. कुणाची मुलं जगतात एवढंच ती मोजते.

५. हे सगळं कोणत्या जनुकांमुळे?

मुख्य दोन: ईपीएएस१ (गुणसूत्र २ वर) आणि ईजीएलएन१ (गुणसूत्र १ वर). तिसरं पीपीएआरए, ज्याचा संबंध प्रश्न ३ मधल्या चरबी जाळण्याशी आहे.

पेशीत हिफ नावाची प्रथिनं सतत तयार होत असतात. ऑक्सिजन भरपूर असला की ईजीएलएन१ पासून बनणारं विकर हिफवर खूण करतं आणि पेशी ते मोडून टाकते. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही, हिफ साचतं आणि शेकडो जनुकांना जागं करतं. त्यातलं एक मूत्रपिंडात एरिथ्रोपोएटिन तयार करतं. ते अस्थिमज्जेला तांबड्या पेशी वाढवायला सांगतं. ही यंत्रणा उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

हिफच्या दुसऱ्या प्रकाराचा मुख्य भाग ईपीएएस१ बनवतं. तिबेटी ईपीएएस१ मधले महत्त्वाचे बदल प्रथिनाच्या घडणीत नाहीत, ते जनुक किती जोराने चालेल हे ठरवणाऱ्या भागात आहेत. ढोबळपणे, तिबेटी माणसाकडे ही धोक्याची घंटा हळू वाजते.

ईजीएलएन१ मध्ये मात्र प्रथिनच बदललं आहे, दोन जागी: चौथ्या स्थानावर अ‍ॅस्पार्टेटऐवजी ग्लुटामेट आणि १२७ व्या स्थानावर सिस्टीनऐवजी सेरीन. या जोडीमुळे विकराचा जोर वाढतो असं एका प्रयोगशाळेचं म्हणणं, घटतो असं दुसरीचं. दोन्ही निष्कर्ष २०१४ चेच. पाठ्यपुस्तकी टिपणात यातली एकच बाजू वाचली असेल तर दुसरीही नोंदवून ठेवा.

६. ही जनुकं सापडली कशी?

२०१० मध्ये काही महिन्यांच्या अंतराने तीन वेगवेगळ्या गटांचे शोधनिबंध आले. त्यातल्या एकाने ५० तिबेटी आणि ४० हान चिनी लोकांची प्रथिनं बनवणारी जनुकं वाचली. दोन्ही समाज वांशिकदृष्ट्या जवळचे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी फरक किरकोळ. ईपीएएस१ मधलं डीएनएचं एक अक्षर मात्र तिबेटींत ८७ टक्के आणि हानांत ९ टक्के. शेजारच्या दोन समाजांत एवढी दरी आपोआप पडत नाही. निवडीचा रेटा असल्याशिवाय ती दिसत नाही.

७. हे जनुक डेनिसोव्हन नावाच्या नामशेष मानवाकडून आलं म्हणतात. मग तिबेटी लोक डेनिसोव्हन आहेत का?

पहिलं वाक्य बरोबर, दुसरं नाही.

डेनिसोव्हन ओळखले गेले ते सायबेरियातल्या अल्ताई पर्वतातल्या डेनिसोवा गुहेत २००८ मध्ये मिळालेल्या बोटाच्या हाडाच्या डीएनएवरून. २०१४ मध्ये लक्षात आलं की तिबेटी ईपीएएस१ चा एक सलग तुकडा, सुमारे ३२,७०० अक्षरांचा, डेनिसोव्हन जनुकाशी जेवढा जुळतो तेवढा जगातल्या इतर कुठल्याच मानवसमूहाशी जुळत नाही. हानांत तो क्वचित आढळतो, बाकी जवळपास कुठेच नाही.

पण तिबेटी माणसाच्या एकूण डीएनएत डेनिसोव्हन वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. पापुआ न्यू गिनीच्या लोकांत तो कितीतरी जास्त, तरी त्यांच्याकडे हा तुकडा नाही. वाटा किती यापेक्षा त्यातला कोणता तुकडा उपयोगी पडला आणि म्हणून टिकला, ते महत्त्वाचं.

डेनिसोव्हन स्वतः पठारावर राहत होते का? चीनच्या गान्सू प्रांतातल्या शियाहेजवळच्या बायशिया गुहेत, ३,२८० मीटरवर, एका भिक्षूला १९८० मध्ये जबड्याचं हाड मिळालं होतं. २०१९ मध्ये त्यातल्या प्रथिनांवरून ते डेनिसोव्हन ठरलं. वय किमान १,६०,००० वर्षं. तेव्हा उत्तर, हो.

८. फक्त ३,००० वर्षांत एवढी उत्क्रांती झाली, हे खरं का?

हा आकडा प्रश्न ६ मधल्या अभ्यासातून आला. तिबेटी आणि हान सुमारे २,७५० वर्षांपूर्वी वेगळे झाले असं गणित त्यात मांडलं होतं. पुरातत्त्वज्ञांना ते तेव्हाच पटलं नाही. पठारावर न्वया देवू इथे, ४,६०० मीटरवर, ३०,००० ते ४०,००० वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं मिळाली आहेत. वर्षभर टिकून राहणारी शेतीची गावं ३,००० मीटरच्या वर पसरली ती मात्र सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी, थंडी सोसणाऱ्या जवामुळे.

२०२१ च्या एका विश्लेषणानुसार डेनिसोव्हन तुकडा सुमारे ४८,७०० वर्षांपूर्वी पूर्वजांत शिरला आणि त्याची निवड होऊ लागली ती सुमारे ९,००० वर्षांपूर्वी. मधली हजारो वर्षं तो काही कामाचा नसलेल्या वडिलोपार्जित भांड्यासारखा माळ्यावर पडून होता.

९. मी लेहमध्ये वर्षभर राहिलो तर माझं शरीरही तसंच होईल का?

नाही. तुमच्यात होईल ती सवय, आणि ती तिबेटी अनुकूलनापेक्षा वेगळ्याच वाटेने जाते. पहिल्या तासांत श्वास वाढतो. एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकून रक्ताचा आम्लतोल सावरतात. प्लाझ्मा घटतो, म्हणून पहिल्या आठवड्यातच रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं, पण पेशी खरोखर वाढायला आठवडे लागतात. खाली उतरलात की हे सगळं ओसरतं. जनुकात काहीही बदलत नाही, मुलांना काहीही मिळत नाही.

१०. मग भारतात जन्मलेल्या तिबेटी मुलांचं काय? त्यांच्यातली क्षमता गेली का?

जनुकं कुठेच गेली नाहीत. गोंदिया जिल्ह्यातल्या नॉर्ग्येलिंग वसाहतीत किंवा कर्नाटकातल्या बायलाकुप्पे, मुंडगोड इथे जन्मलेलं मूल आणि ल्हासातलं मूल यांचं ईपीएएस१ सारखंच. हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटर विकायला बसणाऱ्या तिबेटी कुटुंबांचंही तेच.

पण सवय (प्रश्न ९) मात्र त्यांनाही नव्याने करावी लागते. जन्मभर सखल भागात राहिलेल्या तिबेटी माणसाने थेट विमानाने लेह गाठलं तर डोकं त्याचंही दुखू शकतं. बालपणी उंचावर वाढल्याने छाती आणि फुप्फुसं मोठी होतात, तो फायदाही त्याला मिळालेला नसतो.

११. शेर्पा आणि लडाखी लोकांतही हीच जनुकं आहेत का?

शेर्पांमध्ये, हो. त्यांचे पूर्वज सुमारे पाचशे वर्षांपूर्वी पूर्व तिबेटातल्या खाम भागातून नेपाळमधल्या सोलुखुंबूत आले. आंग रिता शेर्पा यांनी एव्हरेस्ट दहा वेळा बाटलीतल्या ऑक्सिजनविना चढलं. बाबू चिरी शेर्पा १९९९ मध्ये ऑक्सिजनविना शिखरावर २१ तास थांबले. अर्थात यात जनुकांइतकाच वाटा लहानपणापासूनच्या सवयीचा आणि कसबाचा आहे. लडाखमध्ये वेगवेगळ्या वंशांची सरमिसळ आहे, त्यामुळे सरसकट उत्तर देता येत नाही.

१२. अँडीज आणि इथिओपियातले लोकही उंचावर राहतात. त्यांचं जनुक वेगळं का?

प्रत्येक ठिकाणी वेगळा कच्चा माल हाताशी होता. अँडीजमधल्या लोकांनी हिमोग्लोबिन वाढवण्याचा रस्ता धरला, म्हणून मोंगेचा आजार तिथे जास्त. इथिओपियात ३,५३० मीटरवरच्या अम्हारा लोकांचं हिमोग्लोबिन पुरुषांत १५.९ आणि रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्के, जणू ते डोंगरावर नाहीतच. डेनिसोव्हन तुकडा या दोघांकडेही नाही.

१३. तिबेटी लोकांना विरळ हवेचा आजार कधीच होत नाही?

होतो, कमी होतो. दीर्घकालीन आजाराचं प्रमाण चिनी अभ्यासांत तिबेटींत सुमारे एक टक्का आणि त्याच भागात स्थायिक झालेल्या हानांत पाच-सहा टक्के आढळलं आहे. धूम्रपान, लठ्ठपणा, झोपेत श्वास अडणं आणि रजोनिवृत्ती यांनी धोका वाढतो, जनुकं कुठलीही असोत.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा. उंचावरचा रहिवासी काही आठवडे खाली राहून परत वर गेला की त्याला फुप्फुसात पाणी भरण्याचा आजार होऊ शकतो. "आम्ही तर इथलेच" या भरवशावर पहिल्याच दिवशी ओझी उचलली जातात आणि खोकला, विश्रांतीतही धाप ही लक्षणं सर्दी म्हणून सोडून दिली जातात.

१४. आई तिबेटी, वडील मराठी. मुलाला अर्धी क्षमता मिळेल का?

जनुकाची एक प्रत आईकडून येईल. ईपीएएस१ च्या एका अभ्यासात दोन्ही प्रती तिबेटी असलेल्यांचं हिमोग्लोबिन एकच प्रत असलेल्यांपेक्षा सरासरी ०.८ ग्रॅमने कमी होतं, म्हणजे परिणाम प्रतींच्या संख्येनुसार बदलतो. पण "अर्धी क्षमता" असा हिशेब मांडू नका; इतर जनुकं, रक्तवाहिन्या, बालपण हे सगळं त्यात येतं.

१५. लेहला जाण्याआधी डीएनए चाचणी करावी का? आणि प्रकृतीचा काही संबंध आहे का?

चाचणीवर पैसे घालवू नका. महाराष्ट्रातल्या बहुतेकांकडे तिबेटी तुकडा नसणार, आणि असला तरी पहिल्या दोन रात्रींत तो तुम्हाला वाचवणार नाही.

प्रकृतीचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आयुर्वेदानुसार वात, पित्त, कफ असे ठळक गट निवडून भारतीय शास्त्रज्ञांनी त्यांची जनुकं तपासली. निबंध २०१० चा. ईजीएलएन१ चा एक प्रकार कफ गटात जास्त आढळला, तोच उंचावर फुप्फुसात पाणी भरलेल्या रुग्णांत जास्त आणि उंचावरच्या मूळ रहिवाशांत जवळजवळ नव्हता. निष्कर्ष रंजक आहे. त्यावरून "मी पित्ताचा, मला चालतं" असं ठरवणं मात्र धोक्याचं.

त्यापेक्षा हे करा. विमानाने लेहला उतरल्यावर पहिले ४८ तास नुसतं राहा. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नका, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. पँगाँगचा काठ लेहपेक्षा साडेसातशे-आठशे मीटर उंच आहे, म्हणून तिथला मुक्काम लेहमध्ये किमान तीन रात्री काढल्यावरच ठेवा. नुब्रा लेहहून खाली आहे, तिथे आधी जाता येतं. असेटाझोलामाइड (उंचीचा त्रास टाळण्याची गोळी) १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून, डॉक्टरांना विचारून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावून चालता येत नसेल किंवा बसल्याजागी धाप लागत असेल तर सकाळची वाट पाहायची नाही, खाली उतरायचं.

१६. कळसूबाईवर सराव केला तर?

पायांना फायदा, रक्ताला नाही. १,६४६ मीटरवर ऑक्सिजनची टंचाई एवढी नसते की सवय सुरू व्हावी.

१७. तिबेटी बाईचा रिपोर्ट १४ आला तर तिला अ‍ॅनिमिया आहे का? उंचीचा तक्ता तसं सांगतो.

तक्ता तिच्यासाठी बनलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या दीर्घकाळ वापरात असलेल्या जुन्या तक्त्यात ४,००० मीटरसाठी ३.५ ग्रॅम वाढवले जात. बायकांची मर्यादा १२, त्यात ३.५ मिळवले की १५.५. प्रश्न २ मधल्या तिबेटी बायकांची सरासरीच १४.२ होती; म्हणजे या हिशेबाने गावातली बहुतेक निरोगी बाई आजारी ठरते आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. हे दुरुस्तीचे आकडे हिमोग्लोबिन वाढणाऱ्या लोकांवरून आले आहेत. शंका असेल तर फेरिटिन तपासावं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा कळतो. उलट चूकही होते: प्लाझ्मा जास्त असल्याने (प्रश्न ३) खरी लोहकमतरता "तिबेटींचं असंच असतं" म्हणून झाकली जाते.

१८. प्राण्यांमध्येही असं घडलंय का?

घडलंय, आणि एक उदाहरण तर हुबेहूब. तिबेटी मॅस्टिफ कुत्र्यांना ईपीएएस१ चा उपयोगी प्रकार पठारावरच्या राखाडी लांडग्यांशी झालेल्या संकरातून मिळाला.

पट्टकदंब हंसाने वेगळा मार्ग घेतला. त्याच्या हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीत ११९ व्या जागी प्रोलीनऐवजी अ‍ॅलानीन आहे. त्याने हिमोग्लोबिनच ऑक्सिजनला जास्त घट्ट धरतं, म्हणून हिमालय ओलांडताना विरळ हवेतही ते भरून निघतं. माणसात हा बदल नाही. हा पक्षी पाहायचा असेल तर त्यासाठी तिबेट गाठावं लागत नाही. हिवाळ्यात हे हंस उजनीच्या पाणथळीत उतरतात.